जुन्या फ्रीजमधील गॅस: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरगुती फ्रीज पुरेसा गार होईनासा झाला की ‘गॅस संपला’ असे निदान सर्रास केले जाते. वस्तुतः प्रशीतक, म्हणजे आतली उष्णता शोषून बाष्परूप होणारे आणि मागच्या जाळीत ती सोडून पुन्हा द्रवरूप होणारे द्रव्य, बंद नळ्यांतून फिरत राहते व वापराने खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती बुजवल्याखेरीज नव्याने भरलेला गॅसही त्याच वाटेने निघून जातो. शिवाय दाराचे सैल रबर, बिघडलेला थर्मोस्टॅट किंवा ओलाव्याने चोक झालेली कॅपिलरी, म्हणजे दाब उतरवणारी केसासारखी बारीक नळी, ही कारणे आधी तपासायला हवीत.

कोणत्याही फ्रीजमध्ये कोणताही गॅस चालतो, हा समज अधिक घातक आहे. जुन्या फ्रीजमधील आर-12 ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो, म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-134ए ओझोनला अपायकारक नसला, तरी शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट धरली जाते. तो जुन्या कॉम्प्रेसरमधील खनिज तेलात विरघळतही नाही, त्यामुळे तेल नळ्यांत अडकून कॉम्प्रेसर कोरडा पडू शकतो. म्हणून त्याला पॉलिएस्टर तेल लागते. आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन, खनिज तेलाशी जुळतो; मात्र त्याचा दाब कमी असल्याने आर-12 साठी बनवलेल्या कॉम्प्रेसरमध्ये थंडावा जवळपास निम्म्यावर येतो. प्रोपेन व आयसोब्युटेन यांचे योग्य मिश्रण आर-12 च्या दाबाजवळ जाते, पण त्याचे वजन मूळ भरण्याच्या निम्म्याहूनही कमी ठेवावे लागते.

हे दोन्ही वायू ज्वलनशील आहेत. हवेत अवघे 1.8 टक्के आयसोब्युटेन मिसळले तरी ते पेटू शकते, आणि जुन्या फ्रीजमधील थर्मोस्टॅट व दिव्याचे बटण ठिणगी टाकणारे असते. ते सीलबंद केल्याशिवाय असा बदल करणे धोक्याचे आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील गॅस वापरून काम भागते, हा समज तर साफ चुकीचा आहे, कारण त्या गॅसचे मिश्रण ठरावीक नसते आणि त्यात वासासाठी घातलेली गंधकयुक्त द्रव्ये व ओलावाही असतो.