तीन पायांची शर्यत

(टी. ई., मेकॅनिकल)

माणसाला कॅन्सर होतो हे आपल्याला माहीत असतं. पण कुत्र्यालाही होतो, आणि त्यासाठी कधीकधी त्याचा अख्खा पाय काढावा लागतो, असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "बापरे, मग तो चालतो कसा?" दुसरा प्रश्न जरा हळू आवाजात येतो, "त्यापेक्षा इंजेक्शन देऊन झोपवलं असतं तर?" आमच्या भाईंदरच्या घरी हा प्रसंग आला. ब्रूनो आमचा लॅब्रेडॉर, वय आठ, पुढचा डावा पाय. त्या काळात हे दोन प्रश्न इतक्यांदा ऐकले की त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. हॉस्टेलमधल्या अनेकांच्या आणि स्टाफपैकी कित्येकांच्या घरी कुत्री आहेत, त्यांना उपयोग होईल.

आजार नेमका काय?

कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी बहुतेक, म्हणजे सुमारे ८५ टक्के, ऑस्टिओसार्कोमा नावाचे असतात. ग्रेट डेन, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर अशा मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना तो जास्त होतो, साधारण सात-आठ वर्षांच्या पुढे. गाठ कुठे येते याबद्दल पशुवैद्यकांचा एक सोपा नियम आहे : 'कोपरापासून लांब, गुडघ्याच्या जवळ'. म्हणजे पुढच्या पायात खांद्याशी किंवा मनगटाच्या वर, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास.

सुरुवात अगदी साधी असते. कुत्रा लंगडतो. घरचे म्हणतात, उडी मारताना मुरगळला असेल. औषधाने चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा लंगडणं सुरू. नंतर हाडावर टणक सूज दिसायला लागते. म्हणून मोठ्या जातीच्या, वयात आलेल्या कुत्र्याचं लंगडणं एक-दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर एक्स-रे काढायलाच हवा. एक्स-रेमध्ये हाड एकीकडे पोखरलेलं आणि दुसरीकडे वेडंवाकडं वाढलेलं दिसतं. मग सुईने किंवा छोटा तुकडा काढून तपासणी करतात. छातीचा एक्स-रेही काढतात, कारण हा कॅन्सर हाडातून रक्तावाटे फुप्फुसात जातो.

हाच आजार माणसांनाही होतो, आणि तोही बहुतेक वेळा वाढीच्या वयात, म्हणजे आपल्या किंवा आपल्या धाकट्या भावंडांच्या वयात. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ साली याच आजाराने गुडघ्याच्या वर कापावा लागला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १९८० साली कृत्रिम पाय लावून तो कॅन्सर संशोधनाला निधी जमवण्यासाठी १४३ दिवस धावला आणि त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर कापलं. पण फुप्फुसात कॅन्सर सापडला आणि धावणं थांबलं. १९८१ साली, २२ व्या वर्षी तो गेला. कुत्र्यांमध्ये आजाराचा रस्ता तोच, फक्त वेग जास्त. म्हणूनच कुत्र्यांवरच्या या आजाराच्या अभ्यासाचा उपयोग माणसांच्या डॉक्टरांनाही होतो.

पाय कशासाठी काढायचा?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. पाय काढला की कॅन्सर गेला, असं नाही. गाठ सापडते तेव्हाच दहापैकी नऊ कुत्र्यांमध्ये कॅन्सरच्या पेशी सूक्ष्म रूपात शरीरात पसरलेल्या असतात. छातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरीही.

मग पाय का काढायचा? दुखणं थांबवण्यासाठी. ही गाठ हाड आतून खाते, हाडावरचं आवरण ताणते, आणि पोकळ झालेलं हाड साध्या उडीतही मोडू शकतं. या वेदना गोळ्यांनी पूर्ण दबत नाहीत. कुत्रा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असं समजू नये. लंगडणं हेच त्याचं ओरडणं असतं.

आकडेही स्पष्ट सांगतो, कारण ते आधीच माहीत असलेले बरे. फक्त पाय काढला तर निम्मी कुत्री साधारण चार ते पाच महिन्यांहून जास्त जगतात. त्याबरोबर केमोथेरपी दिली तर हा काळ साधारण दहा ते बारा महिन्यांवर जातो. काही थोडी दोन वर्षंही काढतात. केमोथेरपीत बऱ्याचदा कार्बोप्लॅटिन हे औषध दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून देतात. कुत्र्यांना डोस माणसांपेक्षा सौम्य असतो, त्यामुळे बहुतेकांना फारसा त्रास होत नाही आणि लॅब्रेडॉरसारख्यांचे केसही सहसा जात नाहीत. एखाद-दोन दिवस भूक कमी होते. औषधानंतरचे काही दिवस मात्र लघवी-शी साफ करताना हातमोजे घालायचे.

"पूर्ण पाय कशाला, थोडा ठेवून जयपूर फूटसारखं काही बसवता येणार नाही का?" हा प्रश्न मेकॅनिकलवाल्यांनी हमखास विचारला. गाठीच्या वर पुरेसं निरोगी हाड सोडून कापावं लागतं, म्हणून पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट आणि मागचा मांडीतून किंवा खुब्यातून काढतात. अर्धवट उरलेला पाय कुत्रा टेकवायला जातो, तो घासतो आणि जखम होते. आणि इतक्या वरून पाय गेला की कृत्रिम पाय अडकवायला काही उरत नाही. पाय वाचवून फक्त हाडाचा तुकडा बदलायची शस्त्रक्रियाही आहे. माणसांमध्ये आता तीच जास्त होते, पण कुत्र्यांमध्ये तिच्यानंतर जंतुसंसर्गाचा त्रास बराच होतो.

तीन पायांचं मेकॅनिक्स

आता पहिला प्रश्न, चालतो कसा? चार पायांचं स्टूल ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. म्हणजे उभं राहण्यापुरते तीन पाय पुरे, फक्त गुरुत्वमध्य त्या तीन पायांच्या त्रिकोणात पडायला हवा.

कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या. त्यामुळे मागचा पाय गेलेला कुत्रा लवकर सावरतो. पुढचा गेला तर उरलेल्या एका पुढच्या पायावर जवळजवळ निम्मं वजन येतं, आणि कुत्रा तो पाय सरकवून छातीच्या मध्यावर आणतो. हे त्याला कोणी शिकवत नाही. चालताना मात्र एक पाय उचलला की दोनच उरतात, आधाराचा त्रिकोण मोडतो. म्हणून तो हळू चालण्यापेक्षा टुणटुण उड्या मारत जातो. सायकल हळू चालवणं जास्त कठीण असतं ना, तसंच काहीसं. लोकांना ते केविलवाणं वाटतं, पण त्याच्यासाठी तोच सोपा वेग असतो.

बहुतेक कुत्री ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच उभी राहतात. ब्रूनो दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच तीन पायांवर उभा राहून कंपाउंडरच्या डब्याकडे बघत होता. सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. अंगाने फार जाड किंवा उरलेल्या पायांच्या सांध्यांत आधीच बिघाड असलेल्या कुत्र्यांना जड जातं, म्हणून डॉक्टर आधी बाकीचे तीन पायही तपासतात.

घरची तयारी

ऑपरेशन डॉक्टर करतात. त्यानंतरचे पंधरा दिवस घरच्यांचे.

१) लाद्या. आपल्या मीरा-भाईंदरच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत लाद्या हा तीन पायांच्या कुत्र्याचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याची झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांच्यामधल्या वाटेवर सतरंज्या, रबरी मॅट किंवा योगा मॅट अंथरा. नखं आणि पंजाखालचे वाढलेले केस कापून घ्या.

२) झोळी. पोटाखालून मोठा टॉवेल घेऊन दोन्ही टोकं वर धरायची. सुरुवातीच्या दिवसांत शी-शूला नेताना याचा फार उपयोग होतो.

३) जिने. आपल्याकडच्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. तिथे मोठा कुत्रा चादरीत घालून दोघांनी उचलावा लागतो, त्याची माणसं आधी ठरवा. लिफ्ट असेल आणि कोणी हरकत घेतली, तर भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा : पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही.

४) टाके. दहा ते चौदा दिवस चाटू द्यायचे नाहीत, म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. थोडी सूज आणि काळंनिळं होणं चालतं. पू, दुर्गंधी, टाके उघडणं किंवा ताप वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

५) रात्र. पहिल्या काही रात्री कुत्रा कण्हतो, अस्वस्थ होतो. काही अंशी ते तीव्र वेदनाशामकांचं असतं, काही अंशी दुखण्याचं. आळीपाळीने कोणीतरी जवळ झोपावं. माझी आजी, जिने आयुष्यात कधी कुत्र्याला हात लावला नव्हता, तिने दोन रात्री त्याच्याशेजारी खुर्ची टाकून जप केला.

६) वजन. लाडाने खायला घालू नका. तीन पायांवर प्रत्येक किलो जास्त पडतो. फिरणं पट्टा बांधून, थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा.

७) आपल्या गोळ्या. हे हॉस्टेलवाल्यांनी नीट वाचा. कॅम्पसमधला कुत्रा लंगडताना दिसला तर त्याला क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरू शकतं. औषध फक्त पशुवैद्यकाचं.

जायचं कुठे?

आधी जवळच्या पशुवैद्यकाकडे. पुढच्या उपचारांसाठी आपल्याला मुंबईच गाठावी लागते. परळला बाई सकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते उभं राहिलं. १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळचंच. आणि माणसांचं टाटा मेमोरियल, १९४१ पासून, तेही परळलाच!

२०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं पाच मजली स्मॉल ॲनिमल हॉस्पिटल सुरू झालं. सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभारलेल्या या हॉस्पिटलमागे रतन टाटांचा एक अनुभव होता. त्यांच्या कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्यांनी त्याला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेलं होतं. पण उशीर झाला होता, आणि डॉक्टरांना तो सांधा एकाच स्थितीत पक्का करून टाकावा लागला. टाटांनाही उशीर झाला, तर आपण तर वेळेवर जायलाच हवं.

प्रवासाची एक सूचना. रिक्षा वांद्र्याच्या पुढे जात नाही, आणि टाके घातलेला कुत्रा लोकलच्या गर्दीत नेता येत नाही. टॅक्सी ठरवतानाच "कुत्रा आहे" हे सांगा आणि सीटवर टाकायला जुनी चादर घ्या. दहिसर चेक नाक्याच्या ट्रॅफिकचा वेळ धरून निघा.

करायचं की नाही?

आता दुसरा प्रश्न. आमच्या घरी बाबा ऑपरेशनच्या विरुद्ध होते. "त्याला असं बघवणार नाही," म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे विचारलं, "तुम्हाला बघवणार नाही, की त्याला सोसणार नाही?" माझ्या मते सगळ्या निर्णयाचं सार यात आहे. कुत्रा आरशात बघत नाही, लोक काय म्हणतील याचा विचार करत नाही. त्याला कळतं ते एवढंच, काल दुखत होतं, आज दुखत नाही.

पण ऑपरेशन हे एकच बरोबर उत्तर आहे असंही नाही. फुप्फुसात गाठी दिसत असतील, बाकीचे पाय साथ देणार नसतील, किंवा घरात खर्चाची आणि उचलायची ताकद नसेल, तर वेदनाशामकं देऊन काही दिवस बरे घालवणं आणि दुखणं आवरेनासं झाल्यावर शांतपणे झोपवणं, हाही प्रेमाचाच निर्णय आहे. त्यासाठी कोणी कोणाला नावं ठेवू नयेत. चुकीची गोष्ट एकच, काहीच न ठरवता त्याला दुखण्यात ठेवणं.

ब्रूनोला दहा महिने मिळाले. त्यातले नऊ चांगले होते : उत्तनच्या किनाऱ्यावर तीन पायांनी त्याने खेकड्यांचा पिच्छा पुरवला, आणि खालचा वॉचमन त्याला 'लंगडे शेठ' म्हणून सलाम करायचा. दहाव्या महिन्यात खोकला सुरू झाला, एक्स-रेत फुप्फुसं भरलेली दिसली, आणि आम्ही त्याला आणखी ओढलं नाही. बाबांनीच त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. नंतर ते एकदाच म्हणाले, "पाय काढला ते बरं केलं."

तर मंडळी, या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. तुमच्या कुत्र्याचे चारही पाय वरपासून खालपर्यंत हाताने चाचपून बघा. एका पायाला सूज किंवा टणकपणा लागला, हात लावल्यावर त्याने पाय मागे घेतला, तर "मुरगळला असेल" म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्या.