तलवारीनंतरची कारकुनी : सामुराईंचा अस्त आणि 'उकिगुमो'

१८६८ मध्ये जपानातील शोगुनशाही संपली. सामुराई वर्ग मात्र टप्प्याटप्प्याने मोडला. १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने खालसा झाली, १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली. १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि वंशपरंपरागत तनख्यांऐवजी सरकारी रोखे हाती पडले. हे करणारे राज्यकर्ते बहुतांशी कनिष्ठ सामुराईच होते, याचा सहसा विसर पडतो. फुताबातेई शिमेई यांच्या 'उकिगुमो' (१८८७-८९) या कादंबरीचा नायक बुन्झो हा शोगुनच्या सेवकाचा मुलगा; सरकारी कचेरीतील कारकुनीही गमावून बसलेला. जपानी गद्याला बोलभाषेकडे वळविणारी आरंभीची महत्त्वाची कादंबरी अशाच माणसाची असावी, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. ती अपुरीच राहिली.