राप उतरतो, खूण उरते : ऊन त्वचेच्या पेशीत काय बदलते?

शर्टाची बाही वर करा आणि हाताच्या दोन जागा पाहा. एक मनगटाच्या वरची बाहेरची बाजू आणि दुसरी दंडाची, काखेजवळची आतली बाजू. भुसावळमध्ये रोज दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाच्या हातावर हा फरक लगेच नजरेत भरतो. दोन्ही ठिकाणची त्वचा एकाच माणसाची, एकाच वयाची आणि दोन्हींतला मूळ डीएनएही तोच. तरी आतली बाजू मऊ आणि उजळ असते, तर बाहेरची रापलेली आणि उतारवयात जास्त सुरकुतलेली. हा फरक मुख्यतः उन्हाचा आहे आणि तो केवळ रंगापुरता नाही.

उष्णता वेगळी, अतिनील किरण वेगळे

भुसावळचा उन्हाळा म्हटले की ४५ अंशांचा पारा आठवतो. पण अंगाला जाणवते ती उष्णता. त्वचेच्या पेशींत बदल घडवणारे अतिनील किरण ना दिसतात, ना जाणवतात. ते किती तीव्र असतील हे तापमानापेक्षा सूर्य किती डोक्यावर आहे यावर जास्त अवलंबून असते.

भुसावळ सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. मे महिन्यात आपण रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. जुलैत हवा गार झालेली असते, म्हणून तोच रुमाल घरी राहतो. ढगांच्या उघडिपीत मात्र अतिनील किरण तेव्हाही जोरदार असतात आणि पातळ ढगांतूनही त्यांचा बराच भाग खाली येतो.

या किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतात. ‘यूव्हीबी’ त्वचेच्या वरच्या थरात शोषले जातात आणि त्वचा भाजते ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. ‘यूव्हीए’ अधिक खोल जातात आणि साध्या काचेतूनही आत येतात. २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका अमेरिकी ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालवली होती. खिडकीकडची, म्हणजे डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून एसटी किंवा ट्रक चालवणाऱ्यांचा उजवा हात जास्त रापतो.

रूळ तेच, सिग्नल बदललेले

अतिनील किरण पेशीत शिरले की डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. पेशी हा बिघाड ओळखते, खराब तुकडा कापून काढते आणि नवा बसवते. त्याच वेळी ‘मेलॅनिन’ हे रंगद्रव्य वाढवण्याचा निरोप जातो. हे रंगद्रव्य पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते. आपण ज्याला रापणे म्हणतो, ते म्हणजे इजा झाल्यानंतर उघडलेली ही छत्री.

बिघाड चुकीचा दुरुस्त झाला तर डीएनएचा मजकूरच बदलतो, त्याला उत्परिवर्तन म्हणतात. पण मजकूर न बदलताही पेशीचे वागणे बदलू शकते. भुसावळ जंक्शनचे उदाहरण घ्या. रूळ तेच असतात, कोणती गाडी सुटेल आणि कोणती थांबेल हे सिग्नल ठरवतो. डीएनए म्हणजे रूळ. त्यावर बसणारे ‘मिथाइल’ नावाचे छोटे रासायनिक गट आणि डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरील खुणा, हे सिग्नल. कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे या खुणांवर बरेचसे ठरते. त्यांच्या अभ्यासाला ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात.

डीएनएची दुरुस्ती करताना त्याची गुंडाळी सैल करावी लागते. ती पुन्हा बांधली जाताना प्रत्येक खूण आधीच्याच जागी बसेल याची खात्री नसते. हे वर्षानुवर्षे रोज घडले, तर चुका साचत जातात.

२०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. त्यांनी तरुण आणि वयस्क लोकांची उन्हात राहिलेली आणि झाकलेली त्वचा तपासली. वयस्कांच्या उन्हातल्या त्वचेत डीएनएच्या लांबलचक पट्ट्यांवरील मिथाइल गट कमी झालेले आढळले. झाकलेल्या त्वचेत असे पट्टे नव्हते. म्हणजे हा केवळ वयाचा परिणाम नव्हता. असेच बदल कर्करोगाच्या पेशींतही दिसतात. याचा अर्थ रापलेल्या हाताला कर्करोग होणारच, असा नाही. मात्र बाहेरून निरोगी दिसणाऱ्या त्वचेतही त्या दिशेचे बदल सुरू झालेले असू शकतात.

राप जातो, मग खूण का राहते?

त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो, म्हणून राप उतरतो. पण नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी तळाशी तशाच असतात. पेशीचे विभाजन होताना डीएनएबरोबर मिथाइल खुणांचीही नक्कल होते. त्यामुळे बिघडलेली खूण पुढच्या पेशीकडे जाऊ शकते. त्वचेतले हे बदल मुलाबाळांकडे मात्र जात नाहीत, कारण ते बीजपेशींत झालेले नसतात.

सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे संरक्षण जास्त असते. म्हणूनच त्वचेचा कर्करोग भारतात ऑस्ट्रेलियापेक्षा फार कमी आढळतो. पण संरक्षण जास्त आहे म्हणजे पूर्ण आहे, असे नाही. सुरकुत्या आणि काळे डाग सावळ्या त्वचेवरही येतातच.

मग करायचे काय?

साधा नियम सावलीचा आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अतिनील किरण तीव्र आहेत असे समजावे, मग हवा गार का असेना. अशा वेळी घट्ट विणीचे, गडद रंगाचे कोरडे कापड सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे. पूर्ण बाहीचा सदरा, डोक्याला रुमाल, चेहऱ्याला ओढणी पुरते. विरळ आणि ओल्या सुती कापडातून किरण जास्त आत येतात. सनस्क्रीन घेताना ‘एसपीएफ’बरोबर ‘पीए’पुढची अधिक चिन्हेही पाहावीत. पहिला आकडा मुख्यतः यूव्हीबीचा आणि दुसरी खूण यूव्हीएची. एपिजेनेटिक बदल उलटवण्याचा दावा करणाऱ्या महागड्या क्रीमवर मात्र पैसे घालण्याआधी थांबावे. हाताची बाहेरची बाजू आतल्या बाजूसारखी पूर्ववत करणारे क्रीम आज सिद्ध झालेले नाही.

ड जीवनसत्त्वासाठी थोडे ऊन हवेच, पण त्यासाठी दुपारभर तापायची गरज नाही. प्रश्न आहे तो दिवसभर उन्हात राबणाऱ्यांचा : रुळांवर काम करणारे, शेतमजूर, हातगाडीवाले. त्यांना ‘घरात बसा’ असे सांगून भागत नाही. दुपारची सुट्टी, पूर्ण बाहीचे कपडे आणि सावलीची जागा ही कामाच्या सोयीचीच गोष्ट मानायला हवी. खानदेशातला शेतकरी केळीच्या घडाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून तो वाळक्या पानांनी झाकतो. तो घड कापणाऱ्याच्या हातालाही तेवढीच काळजी हवी.