तिसऱ्या आठवड्यात काटा का अडतो?

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया : भाग ४

मागच्या भागात आपण पातळ आहाराचे पहिले दोन आठवडे पाहिले. डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, ताक, प्रोटीन पावडर. जिभेला कंटाळा येतो, पण काटा रोज सकाळी खाली सरकलेला दिसतो, त्या आनंदात ते दिवस निघून जातात. मग अठराव्या-विसाव्या दिवशी काटा थांबतो. चार दिवस तोच आकडा. पाचव्या दिवशी तर अर्धा किलो जास्तच. काही लाख रुपये मोजून, जठराचा पाऊण भाग कापून घेऊन, दिवसभरात जेमतेम दोन-तीन वाट्या खाणाऱ्या माणसाचं वजन वाढतंच कसं? ‘ऑपरेशन फेल गेलं’ हा निष्कर्ष त्या दिवशी घरातल्या घरात काढला जातो.

या थांब्याला ‘थ्री वीक स्टॉल’ असं नावच पडलेलं आहे. नावात तिसरा आठवडा असला, तरी तो दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत कधीही येतो आणि सहसा एक ते तीन आठवडे मुक्काम करतो. स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया, झालेल्यांना येतो, जठराचा बायपास झालेल्यांनाही येतो. सर्जन ‘काळजी करू नका, होतं असं’ म्हणतात. ते खरंच असतं, पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. त्यापेक्षा हिशोब मांडलेला बरा.

समजा, चाळिशीतली एक बाई आहे, वजन ११० किलो. घरातली हलकी कामं धरून तिच्या शरीराला दिवसाला साधारण २,००० कॅलरी लागतात. शस्त्रक्रियेनंतर पोटात जातात फार तर ६००. उरलेल्या १,४०० कॅलरी शरीराला स्वतःच्या साठ्यातून काढाव्या लागतात. आठवड्याची तूट झाली ९,८००. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला साधारण सव्वा किलो चरबी जळायला हवी. मग पहिल्या आठवड्यात काट्यावर चार-पाच किलो कसे उतरले? चरबी तर तेव्हाही सव्वा किलोच्या आसपासच गेली. बाकी बहुतेक पाणी होतं, थोडा स्नायू होता. त्या पाण्याचं कौतुक करताना आपण कुणीच शंका घेतली नव्हती!

हे पाणी येतं कुठून? यकृत आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक तातडीचा साठा असतो, ग्लायकोजेन. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम तुटलं, की शरीर आधी या साठ्याला हात घालतं, आणि साठा संपला की त्याचं पाणीही लघवीवाटे जातं. एवढ्यानेच दोनेक किलो उतरतात. इन्शुलिनची पातळी घसरल्यामुळे मूत्रपिंडं मीठही जास्त सोडतात, मिठामागोमाग आणखी पाणी. शिवाय शस्त्रक्रियेत शिरेतून दिलेलं सलाईन असतंच. त्यामुळे घरी आल्या दिवशी वजन भरतीच्या वेळेपेक्षा जास्त भरणं हेही नेहमीचंच, आणि ते पाणी उतरलं की आकडा धबाधब खाली येतो.

तिसऱ्या आठवड्यात नेमका आहार बदलतो. गाळलेल्या पातळाऐवजी मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी, कुस्करलेलं पनीर, नाचणीचं सत्त्व. थोडी पिष्टमय पदार्थांची भर पडली, की शरीर रिकामा झालेला ग्लायकोजेनचा साठा अंशतः भरून घेतं, आणि त्याच्यासोबत पाणीही परत येतं. त्या आठवड्यात सव्वा किलो चरबी गेली आणि सव्वा किलो पाणी आलं, तर काट्याला दोन्हीतला फरक कळत नाही. तो शून्य दाखवतो.

पाणी अडण्याची कारणं इथे संपत नाहीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शस्त्रक्रियेनंतर ती बहुधा कमी किंवा बंद केली जाते. ते योग्यच आहे, कारण पाणी कमी प्यायलं जात असताना ती गोळी धोक्याची. पण तिने बाहेर काढलेलं पाणी परत येतंच. पाकिटातल्या तयार सुपात मीठ भरपूर असतं. बायकांमध्ये पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साचतं, आणि शस्त्रक्रियेनंतरचे काही महिने पाळीचं चक्र विस्कटलेलं असतं, त्यामुळे अंदाज बांधता येत नाही. लोहाच्या गोळ्या, कमी चोथा, कमी पाणी यांनी बद्धकोष्ठ होतं. त्याचंही वजन काट्यावर येतं. याविषयी ओपीडीत बोलायला लोक लाजतात, तेवढं मात्र सोडायला हवं.

पाण्याने वजनातली घट झाकली जाणं ही शस्त्रक्रियेची खासियत नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अँसेल कीज या शास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. प्रयोगशाळा होती फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत. सगळे स्वयंसेवक, युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले. महिने सरले तशी त्यांची हाडं दिसू लागली, आणि त्याच वेळी घोटे सुजले. मांस-चरबी जात होती, पण पेशींबाहेरचं पाणी त्या प्रमाणात कमी होत नव्हतं, म्हणून खरी झीज वजनाच्या आकड्यापेक्षा मोठी होती. त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली: उपाशी शरीर आपला खर्चही कमी करतं. आपल्या हिशोबातल्या २,००० कॅलरी काही आठवड्यांनी २,००० राहत नाहीत. पण तिसऱ्या आठवड्यात ही काटकसर एवढी नसते, की वजन पूर्ण थांबावं. सहाव्या किंवा बाराव्या महिन्यात वजन थांबतं, त्यात तिचा वाटा मोठा असतो. तो वेगळा थांबा आहे आणि त्याच्यासाठी या मालिकेत वेगळा भाग ठेवला आहे.

माझ्या मते या आठवड्यांत खरी काळजी करावी ती काट्यापायी माणसं जे करतात त्याची. आपल्याकडे वजन म्हटलं की पहिला हात उपवासाकडे जातो. एकादशी धरली, गुरुवार धरला. उपवासाला साबुदाणा, साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. कुणी दीक्षित डाएटवर जातं: दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण. ज्याचं जठर शाबूत आहे, त्याने काय करावं हा त्याचा प्रश्न. पण शस्त्रक्रियेनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात. आणि जठरात एका वेळी मावतं ते अर्धी-पाऊण वाटी. दोन जेवणांत ६० ग्रॅम बसवून दाखवा! ती पाच-सहा वेळा थोडं थोडं खाऊन आणि वर पावडर घेऊनच भरतात. नाही भरली, की शरीर स्नायू मोडून खातं. गंमत म्हणजे तेव्हा काटा झपाट्याने हलतो, कारण स्नायूचा पाऊण हिस्सा पाणीच असतो. आकडा उतरतो, लोक अभिनंदन करतात, आणि जिना चढताना पाय थरथरतात.

पाणी कमी पिऊन वजन उतरवायचा प्रयोगही होतो. तो तर अजिबात नको. दिवसाला दीड ते दोन लिटर, घोट घोट, जेवणापासून अर्धा तास लांब ठेवून. पंखे-एसी नसलेल्या घरात एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया झालेल्यांना तर जास्तच जपावं लागतं.

मग मोजायचं काय? वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. रोजचा आकडा पाहणाऱ्याला पाण्याची चढउतार दिसते, चरबी दिसत नाही. त्याऐवजी टेलरची टेप घ्या. बेंबीच्या रेषेत कंबर, मांडी, दंड. काटा अडलेला असतानाही हे आकडे बहुधा घटत राहतात. टेप नसेल तर परकराची नाडी, पट्ट्याचं भोक, मनगटावर वर सरकू लागलेल्या बांगड्या. घरच्यांना मात्र ‘आज किती?’ हा प्रश्न बंद करायला सांगा. हे काम नवऱ्याने किंवा सासूबाईंनी करायचं आहे, रुग्णाने नाही.

थांबा चार आठवड्यांपुढे गेला, तर मात्र आहारतज्ज्ञाकडे डायरी घेऊन जावं. पातळ पदार्थ जठरातून सहज सरकतात: चिकूचा मिल्कशेक, आइस्क्रीम, चहात बुडवलेली बिस्किटं. चिवडाही चावून चावून किती खाल्ला ते कळत नाही. दोष तिथे सापडला तर दुरुस्ती सोपी असते.

आणि काही लक्षणांचा थांब्याशी संबंध नाही, त्यांच्यासाठी वाट पाहायची नाही. ताप, वाढलेली नाडी, पोटात किंवा खांद्यात दुखणं, एका पिंढरीला सूज, गडद लघवी. सतत उलट्या होत असतील तर विशेष घाई करावी. ब-१ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. मग दृष्टी दुहेरी होते, तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो, आणि मेंदूला झालेली इजा कायमची राहू शकते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नका. आपली बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्याची, शस्त्रक्रिया झाली आहे हे आधी सांगा. थायमिनचं, म्हणजे याच ब-१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर.

(पुढच्या भागात : तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळणारे केस)