अंधूक दीर्घिकांचा शोध

अमावास्येच्या रात्री आपण अंगणात बाज टाकून पडतो. वर पांढुरका पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा. ताऱ्यांच्या अशा कुटुंबाला दीर्घिका म्हणतात. आपल्या कुटुंबात अब्जावधी तारे आहेत. सूर्य त्यांतलाच एक. या मोठ्या दीर्घिकेभोवती लहान दीर्घिका फिरतात. काहींत तर हजारभरच तारे असतात.

अशी दीर्घिका छायाचित्रात असूनही दिसत नाही. कशी ती बघा. यात्रेत एका वाडीची वीस माणसे एका बाजूला उभी आहेत. पण मध्ये मध्ये इतर गर्दी घुसली आहे. त्यांना ओळखणार कसे? त्या वाडीचे फेटे एका रंगाचे असतील तर काम सोपे. बाकीची माणसे नजरेआड करायची. मग तो रंग कोठे दाट आहे एवढेच बघायचे.

संगणकातले सॉफ्टवेअर हेच करते. एका लहान दीर्घिकेतले तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. वयानेही ते सारखेच, फार जुने. म्हणून त्यांच्या रंगाचा व तेजाचा मेळ ठरलेला असतो. त्या मेळात बसतील तेवढेच तारे सॉफ्टवेअर ठेवते, बाकीचे गाळते. मग कोठे दाटी आहे ते मोजते. अंतर आधी ठाऊक नसते. म्हणून एकेक अंतर धरून पुन्हा पुन्हा चाळावे लागते. लाखो तारे! माणसाला हे करायला जन्म पुरणार नाही.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात एक दुर्बीण आहे. तिचा आरसा अडीच मीटरचा. २००० सालापासून तिने आकाशाची मोजणी केली. तिला स्लोन पाहणी म्हणतात. तिच्या छायाचित्रांतून सिंह राशीत एक दाटी सापडली. २००७ साली ती जाहीर झाली. नाव सेग्वे-१. तिथला उजेड इथे यायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतात. सगळ्या ताऱ्यांचा मिळून उजेड जेमतेम तीनशे सूर्यांएवढा. मृगातले काही तारे एकेकटेच याहून कितीतरी अधिक उजेड देतात. याला दीर्घिका म्हणावे, हे आम्हांलाही आधी पटेना.

शास्त्रज्ञांतही वाद झाला. काही म्हणाले, हा साधा तारकागुच्छ आहे. नुसती दाटी काय, योगायोगानेही दिसेल. यात्रेत दुसऱ्या गावचेही तसलेच फेटे असतात की! मग हवाई बेटावरच्या मोठ्या केक दुर्बिणीने एकेका ताऱ्याचा वेग मोजला. २०११ पर्यंत सत्तरएक तारे एकाच कुटुंबातले ठरले. ते सारे सेकंदाला सुमारे २०८ किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जात होते. आपसांतल्या त्यांच्या वेगात थोडा फरक होता. पण तेवढ्या फरकानेही एवढे थोडे तारे केव्हाच पांगले असते. त्यांना धरून ठेवणारे, डोळ्यांना न दिसणारे पुष्कळ द्रव्य तिथे असले पाहिजे. तारकागुच्छात ते नसते.

२००४ पर्यंत आपल्याभोवतीच्या अशा ११ दीर्घिका माहीत होत्या. आता साठाच्या वर झाल्या आहेत.