निवेदनाची पोच

परतवाड्यात वकिलांकडे एमपीडीएचं, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेच्या कायद्याखालचं प्रकरण येतं, तेव्हा कागदांची पिशवी घेऊन बहुधा आई किंवा बायको आलेली असते. माणूस मध्यवर्ती कारागृहात. आधीच्या गुन्ह्यांत त्याला जामीन झालेला असतो, पण जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या स्थानबद्धता आदेशानं तो पुन्हा आत गेलेला असतो. या आदेशाला खटला लागत नाही.

अशा एका फाइलीची जुळवाजुळव मी शेजारी बसून पाहिली. वकिलांनी आरोप बाजूला ठेवले आणि कोऱ्या कागदावर उभी रेघ ओढली. डावीकडे तारीख, उजवीकडे त्या दिवशी काय घडलं. आदेश कधी निघाला, कधी बजावला, कारणं हातात कधी पडली. 1981च्या या कायद्यात स्थानबद्ध केल्यापासून 5 दिवसांत कारणं कळवावी लागतात. शासनानं मंजुरी दिली नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश 12 दिवसांनी आपोआप संपतो. प्रकरण 3 आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे ठेवावं लागतं, 7 आठवड्यांत मंडळाचा अहवाल यावा लागतो. स्थानबद्धता जास्तीत जास्त 12 महिन्यांची.

मग मुन्शीनं एकेक पान उजेडात धरलं. पुसट झेरॉक्सवर खूण केली. केवळ मराठी वाचणाऱ्याला एखादा महत्त्वाचा कागद इंग्रजीतच दिलाय का, तेही पाहिलं. जे वाचता येत नाही, त्याला उत्तर कसं देणार? उच्च न्यायालयात असे मुद्दे टिकतात.

यानंतर निवेदन, म्हणजे आदेशाविरुद्धचा अर्ज. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(5) प्रमाणे स्थानबद्धाला ते लवकरात लवकर करण्याची संधी द्यावी लागते. शासनाची मंजुरी येईपर्यंत खुद्द जिल्हादंडाधिकाऱ्यांकडेही ते करता येतं, आणि हा हक्क त्याला सांगितला नाही तर आदेश टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली ठरवलं. मसुदा दोन पानांचाच झाला. तो कारागृह अधीक्षकांमार्फत पाठवायचा आणि तारखेसह पोच घ्यायची, हे वकिलांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

‘‘पोराले कवा सोडतीन, वकीलसाहेब?’’ आईनं विचारलं.

‘‘त्यायनं हा अर्ज कोन्या तारखेले वाचला, थे पाहू दे आधी, माय.’’

न्यायालयात जाण्याआधी निवेदन करावंच लागतं का? अमेरिकेत राज्याच्या न्यायालयानं शिक्षा दिलेल्या कैद्याला संघीय न्यायालयात हेबियस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरण मागायचं, तर आधी राज्यातले उपाय संपवावे लागतात. 1996च्या कायद्यानं त्यावर एका वर्षाची मुदतही घातली. आपल्याकडे स्थानबद्धाला तशी अट नाही. निवेदन न करताही अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते. अनुच्छेद 32 खाली दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचं दारही उघडं आहे, पण तिथून बहुधा आधी उच्च न्यायालयात जायला सांगतात.

तरीही जाणता वकील निवेदनाची पायरी चुकवत नाही. याचिकेत न्यायालय आरोपांचा पुरावा तोलत बसत नाही. अधिकाऱ्याचं समाधान पुरेशा पुराव्यावर झालं का, यात ते सहसा शिरत नाही. कार्यपद्धती पाळली का, हे मात्र काटेकोर तपासतं. निवेदनावर किती दिवसांत निर्णय घ्यायचा याचा आकडा कायद्यात नाही. पण विलंबाचा खुलासा देता आला नाही तर स्थानबद्धता बेकायदा ठरते, हे 1991 साली घटनापीठानं सांगितलं. त्यामुळे शासन निवेदनावर गप्प बसलं, तर ते गप्प बसणंच याचिकेतला सर्वांत भक्कम मुद्दा होतो. पायरी वगळणारा हा मुद्दा स्वतःच्या हातानं घालवतो.

शासनानं सगळ्या तारखा पाळल्या असतील तर हा मार्ग अरुंद होतो. सुनावणी लांबली तर निकालाआधी 12 महिनेच संपू शकतात. आदेश रद्द झाला, तरी मूळ गुन्ह्यांचे खटले चालूच राहतात. म्हणून या कामात घाई असते ती पहिल्या आठवड्यात: आधी निवेदन, मग पोच, आणि शासनाच्या उत्तराची वाट पाहत असतानाच नागपूरच्या याचिकेचा मसुदा.