गणवेशातले दंतवैद्यक

भारतात 300 हून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि बीडीएसच्या जागा वर्षाला 25,000 च्या पुढे आहेत. इंटर्नशिप संपली की बहुतेकांपुढे दोनच वाटा असतात. एक तर कर्ज काढून गाळा, खुर्ची आणि एक्स-रे यंत्र घ्यायचे आणि स्वतःचा दवाखाना थाटायचा, नाहीतर दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर किंवा टक्केवारीवर राबायचे. सरकारी रुग्णालयांत दातांच्या डॉक्टरची पदे मोजकीच असतात. अशा वेळी आर्मी डेंटल कोअरचे नाव निघते ते पक्की नोकरी म्हणून किंवा देशसेवा म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण या वाटेचे मोल त्यांत पुरते येत नाही. माझ्या मते ते मोल खुद्द दंतवैद्यकाच्या दृष्टीने आहे. गावात, शहरात दातांच्या डॉक्टरला पैसे मिळतात ते रुग्णाचे तोंड बिघडल्यावर. सैन्यात त्याचा पगार किती दाढांचे रूट कॅनाल केले यावर ठरत नाही, आणि त्याच्याकडून अपेक्षा असते ती जवानांचे दात शाबूत ठेवण्याची. दात बिघडू न देणे हे दंतवैद्यकाचे पहिले काम आहे असे पाठ्यपुस्तकात सगळेच शिकतात. ते रोज करता येईल अशी जागा मात्र फार थोड्यांना मिळते.

लष्करांना हे शहाणपण सहज सुचलेले नाही, त्यासाठी त्यांनी किंमत मोजली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांचे दोन लाखांवर सैनिक होते. त्यांतले सुमारे 7,000 केवळ दातांच्या दुखण्याने रुग्णालयात दाखल झाले. शिधा म्हणून मिळणारी कडक बिस्किटे किडक्या दातांनी चावता येत नव्हती. तरीही 1914 साली ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिच्यासोबत दंतवैद्य नव्हते. ऐन लढाईत सेनानी डग्लस हेग यांची दाढ ठणकू लागली आणि त्यांच्यासाठी पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला. पुढे खंदकांच्या युद्धात गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी जबडे फुटलेले हजारो सैनिक आले. त्यांचे चेहरे पुन्हा उभे करताना हॅरोल्ड गिलीज यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांना दंतवैद्यांची साथ घ्यावी लागली, कारण तुटलेला जबडा दातांच्या आधाराने कसा बांधायचा हे त्यांनाच ठाऊक होते. ब्रिटनने 1921 मध्ये दंतवैद्यांचे स्वतंत्र दल उभारले. भारतात ते दुसरे महायुद्ध चालू असताना, 1 फेब्रुवारी 1941 रोजी उभे राहिले. आज या दलाचे अधिकारी भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांत काम करतात आणि दंतसेवेच्या महासंचालकाचा हुद्दा लेफ्टनंट जनरलचा असतो.

या कामाची रीत भरतीच्या मैदानापासूनच दिसते. उमेदवाराचे दात नुसते मोजत नाहीत, त्यांना गुण देतात. वरचा आणि खालचा दात नीट जुळून चावत असतील तरच त्या जोडीचा गुण मिळतो. पुढचे दात, सुळे आणि उपदाढांच्या जोडीला एक, मोठ्या दाढांच्या जोडीला दोन. सगळे 32 दात उत्तम असतील तर 22 गुण होतात आणि पात्रतेसाठी किमान 14 लागतात. म्हणजे इथे प्रश्न दिसण्याचा नाही, माणसाला अन्न चावता येते का याचा आहे. भरती झाल्यावर जवानाची तपासणी ठरावीक काळाने होत राहते, आणि त्यामागे साधा हिशेब असतो. पुण्यात असताना दाढेत दिसलेली बारीक कीड अर्ध्या तासात भरता येते. तीच दाढ बर्फातल्या चौकीवर सुजली तर माणूस खाली आणायला हेलिकॉप्टर लागू शकते. वैमानिकाच्या बाबतीत तर अर्धवट भरलेला दातही धोक्याचा असतो. उंचावर बाहेरचा दाब घटला की दातातल्या पोकळीत अडकलेली हवा फुगते आणि विमान चालवतानाच असह्य कळ येते. पाणबुड्यांनाही दाबाच्या फरकाने असाच त्रास होतो. शिवाय प्रत्येकाच्या दातांची नोंद जपलेली असते. स्फोटात किंवा विमान अपघातात देह ओळखण्यापलीकडे गेला, तर कधीकधी त्या नोंदीवरूनच घरच्यांना खात्रीने सांगता येते की हा आपलाच माणूस.

प्रवेशाबाबत आपल्याकडे एक गैरसमज आहे. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) बीडीएस शिकवत नाहीत, त्यामुळे बारावीनंतर थेट सैन्यात दातांचा डॉक्टर होता येत नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोव्यात बांबोळी, अशा कुठल्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून आधी बीडीएस पूर्ण करायचे. अंतिम वर्षाला किमान 55 टक्के गुण हवेत, इंटर्नशिप आणि नोंदणी पुरी हवी, आणि नीट-एमडीएस परीक्षा द्यायला हवी. तिच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावतात. वयोमर्यादा 45 वर्षे, म्हणजे काही वर्षे दवाखाना चालवलेल्यांनाही दार उघडे असते. निवड झाली की कॅप्टनच्या हुद्द्यावर शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळते. मूळ पगार 61,300 रुपये, त्यावर 15,500 रुपये लष्करी सेवा वेतन आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मूळ पगाराच्या 20 टक्के भत्ता. महागाई भत्ता धरला की आकडा लाखापुढे जातो. या तिसऱ्या रकमेकडे नीट पाहायला हवे. बिलाचा मोह दूर ठेवण्याची किंमत सरकार इथे उघडपणे मोजते.

आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला म्हणजे कमिशन पाच वर्षांचे. पुढे ते नऊ वर्षे वाढू शकते, पण कायम कमिशनसाठी पुन्हा निवड होते आणि ते न मिळालेला अधिकारी चौदा वर्षांनंतरही निवृत्तिवेतनाविना बाहेर पडतो. तोवर सोबतच्या मित्राचा दवाखाना नावारूपाला आलेला असतो. हे नुकसान नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला घरचा चालता दवाखाना मिळणार आहे किंवा एकाच शहरात मुळे रोवायची आहेत, त्याने या वाटेला न गेलेलेच बरे. पण ज्याच्यापुढे कर्ज किंवा टक्केवारी एवढेच आहे, त्याला पाच वर्षांत बचत, शिस्त आणि नाना तऱ्हेचे रुग्ण मिळतात. दुसरा आक्षेप हात बोथट होण्याचा. लहान छावणीत तेच ते काम पडते हे खरे, पण बदली मोठ्या लष्करी रुग्णालयातही होते आणि दिल्लीच्या आर्मी डेंटल सेंटरसारख्या लष्करी संस्थांत एमडीएसचे शिक्षण मिळते. जबड्याच्या शस्त्रक्रियेची आवड असलेल्याला तर इथे येणारे काम शहरातल्या बहुतेक दवाखान्यांत बघायलाही मिळणार नाही. तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे बचाव नाही. 2022 च्या जाहिरातीत 30 पैकी 27 जागा पुरुषांसाठी राखल्या होत्या. दंत महाविद्यालयांच्या वर्गांत मुली इतक्या मोठ्या संख्येने असताना हे घडले. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये याबद्दल कडक नापसंती व्यक्त केली. दाढ भरायला पुरुषाचा हात लागत नाही, आणि त्या भरतीत मागे राहिलेल्या गुणवान मुलींवर अन्यायच झाला.

उरतो तो आकड्याचा प्रश्न. वर्षाला तीसच्या आसपास जागा निघत असतील तर हजारो बेकार दंतवैद्यांना त्याचा काय उपयोग? बेकारीवरचा उपाय म्हणून काहीच नाही, आणि तसा तो कोणी दाखवू नये. पण सैन्याने जे करून दाखवले त्याला बंदूक लागत नाही. ठरावीक माणसे, ठरावीक तपासणी, प्रत्येकाची नोंद आणि पगारी डॉक्टर, एवढेच लागते. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. तिथली मुले वर्षभर एकाच छताखाली राहतात, एकाच स्वयंपाकघरात जेवतात, एखाद्या पलटणीइतकीच हाताशी असतात. राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, तुरुंग आहेत. एका दंतवैद्याकडे दहा-बारा आश्रमशाळा सोपवल्या, वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाचे तोंड पाहिले आणि पक्क्या दाढा किडण्याआधी त्यांच्या खाचा बुजवल्या, तर पुढे दात काढण्याची वेळ कितीतरी मुलांवर येणार नाही. पाच-दहा वर्षांनी सैन्यातून बाहेर पडणारे अधिकारी हेच काम वेगळ्या वयाच्या माणसांवर करून आलेले असतात. अशी पदे निर्माण करणे आणि त्यांवर आधी या अधिकाऱ्यांना विचारणे राज्य सरकारच्या हातात आहे.